स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट सभेत वाचता यावा म्हणून : प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल

पुण्यात जुन्या सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी इंजिनिअर आहे. पाहणी, चाचण्या आणि शेवटी रिपोर्ट, असा कामाचा क्रम असतो. रिपोर्ट लिहायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. या नोंदी त्या लिखाणाच्या आहेत. हेच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला आमचा वेळ जिथे गेला तिथे तो घालवावा लागू नये, म्हणून लिहून ठेवते आहे.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी इथल्या कितीतरी इमारती ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या, त्यामुळे काम भरपूर आहे. ऑडिट होतं, रिपोर्ट जातो, बिल निघतं आणि दुरुस्ती तशीच राहते. कमिटीला विचारलं की फंड नाही असं उत्तर येतं. जरा खोदून विचारलं की कळतं, सभेत रिपोर्टवर बोलायला कुणी उभंच राहिलं नाही. काय करायचं आहे ते सांगता येत नसेल तर ठराव कसला मांडणार?

सध्याचा साचा असा : ९६ पानं. मुखपृष्ठ, आभार, कामाची व्याप्ती, आमची जबाबदारी कशाकशाची नाही त्याची यादी, आरसीसी म्हणजे काय, आयएस कोडची (भारतीय मानकांची) यादी, पाहणी, चाचण्यांचे तक्ते, फोटो. निष्कर्ष पान ८१ वर.

१५ एप्रिल

कपाटातले जुने रिपोर्ट काढले. ओळखीच्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना विनंती केली, तुमच्याकडची प्रत मला बघायला द्या. कोरी नको, वापरलेली. यातून जेवढं शिकायला मिळालं तेवढं लिखाणाबद्दलच्या कुठल्याही व्हिडिओतून मिळालं नव्हतं.

पहिली चाळीस पानं करकरीत, हात न लागलेली. फोटोंची पानं मात्र मऊ पडलेली, कोपरे दुमडलेले. एका प्रतीत प्रत्येक फोटोखाली बारीक, वळणदार अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं : 'कुठे?' ओळीने, पानामागून पान. आम्ही फोटोखाली छापलं होतं, 'बीममध्ये तडा आढळला.' ते सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "अहो, आमच्याकडे चार विंग आहेत. कुठल्या विंगचा बीम ते समजलं असतं तर मी जाऊन बघून तरी आलो असतो."

रिपोर्ट कोण वाचतं याची यादी केली. चेअरमन-सेक्रेटरींना सभेत उत्तरं द्यायची असतात. खजिनदाराला रक्कम हवी असते. ज्याच्या बाथरूमच्या छताचे पोपडे पडतात तो सभासद आपला फ्लॅट नंबर शोधतो. ठेकेदाराला कुठे किती काम आहे ते हवं असतं. महापालिकेत रिपोर्ट गेला तर तिथला इंजिनिअर आकडे तपासतो. आम्ही आजवर फक्त या शेवटच्या माणसासाठी लिहीत होतो. तो तर शंभरातल्या मोजक्याच रिपोर्टांना भेटतो.

२२ एप्रिल

सगळ्यात आधी पुढे एक पान घातलं, 'सारांश' म्हणून. ते फसलं. लिहिलं होतं, 'या अहवालात इमारतीची पाहणी, विनाविध्वंसक चाचण्या, त्यांचे निष्कर्ष व दुरुस्तीच्या शिफारशी यांचा समावेश आहे.' आमच्या ऑफिसच्या सरांनी पान परत केलं आणि म्हणाले, "ही अनुक्रमणिका झाली. हे वाचून सेक्रेटरी उद्या सकाळी काय करेल ते सांग."

पान पुन्हा लिहायला घेतलं. आता त्यात पाचच प्रश्नांची उत्तरं आहेत : इमारतीत राहायला धोका आहे का, आज काय करायचं, पावसाळ्याआधी काय करायचं, खर्च साधारण किती, आणि नाही केलं तर काय होईल. कोथरूडच्या सध्याच्या कामाचं पान असं सुरू होतं :

'इमारत रिकामी करायची गरज नाही. मात्र बी विंगच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीखालचा बीम टीबी-२ धोकादायक आहे. दुरुस्ती होईपर्यंत सोसायटीने ही टाकी निम्मीच भरावी आणि टाकीखाली कुणाला थांबू देऊ नये. या बीमला लोखंडी टेकू द्यायचे आहेत. ते कुठे व कसे, हे नकाशा २ मध्ये दाखवले आहे. हे काम आठ दिवसांत व्हावे.'

मुंबई-ठाण्याच्या महापालिकांसारखी सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ ही वर्गवारी आम्हीही लिहितो. मागच्या वर्षी एका सोसायटीत नुसतं 'सी-२बी' लिहिलं होतं आणि 'इमारत पाडणार' अशी आवई उठली. दोन भाडेकरू घर सोडून गेले. खरं तर सी-२बी म्हणजे रहिवाशांना न हलवता स्ट्रक्चरल दुरुस्ती करायची. पाडायची वेळ येते ती सी-१ मध्ये. तेव्हापासून वर्गाचं नाव आणि त्याचा अर्थ एकाच वाक्यात लिहायचा, हे ठरलं.

३ मे

आज फक्त वाक्यं घेतली. जुन्या रिपोर्टमधलं नेहमीचं वाक्य :

'सदर इमारतीच्या तळमजल्यावरील काही कॉलममध्ये क्षरणाची लक्षणे निदर्शनास आलेली असून त्याबाबत लवकरात लवकर योग्य ती उपाययोजना करण्यात यावी.'

यात कुठले कॉलम ते नाही, किती खराब ते नाही, कधी ते नाही आणि कोणी करायचं तेही नाही. वाक्य व्याकरणात चोख आहे, कानाला भारदस्तही लागतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. बदलून :

'पार्किंगमधील कॉलम सी-४ आणि सी-७ यांच्या सळया गंजल्या आहेत. जमिनीपासून साधारण ६०० मिमी उंचीपर्यंत कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सुटून सळई उघडी पडली आहे. सोसायटीने या दोन कॉलमची दुरुस्ती (काम क्र. २) मेअखेर सुरू करावी.'

'काही', 'योग्य', 'लवकरात लवकर', 'शक्यतो', 'आवश्यकतेनुसार' हे शब्द फाइलमध्ये शोधायचे आणि प्रत्येकाच्या जागी आकडा, जागा किंवा तारीख घालायची, असा नेम केला. एका रिपोर्टमध्ये 'योग्य' शोधला तर पडदा भरला. निम्म्या ठिकाणी घालायला आकडाच नव्हता, कारण साइटवर तो लिहूनच घेतलेला नव्हता. म्हणजे भाषेचा दोष वाटत होता तो खरा पाहणीच्या वहीतला होता. साइटचा फॉर्म बदलला. आता तड्याची रुंदी, लांबी आणि दिशा लिहिल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही.

९ मे

नेम जास्तच कडक झाला. स्पष्ट लिहायच्या नादात मी लिहिलं, 'बीम बी-३ च्या काँक्रीटची ताकद कमी झाली आहे.' सरांनी विचारलं, "कशावरून?" रिबाउंड हॅमरवरून, म्हणजे काँक्रीटवर हातोडा आपटून तो किती उसळतो ते मोजणाऱ्या चाचणीवरून. या चाचणीतून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात अधिक-उणे २५ टक्के फरक पडू शकतो, असं जुन्या आयएस १३३११ मध्येच नमूद आहे. शिवाय जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक होतो, मग हॅमर ताकद जास्तही दाखवतो. एवढ्या जोरावर ते वाक्य उभं राहत नाही.

हाफ सेलचंही, म्हणजे सळईच्या विद्युत दाबावरून गंजाचा अंदाज घेणाऱ्या चाचणीचंही, तसंच. आमच्या साच्यात −२०० ते −३५० मिलिव्होल्टच्या मधल्या सगळ्या जागांपुढे 'मध्यम गंज' असं छापलेलं होतं. या चाचणीच्या अमेरिकी मानकात, एएसटीएम सी८७६ मध्ये, तसं नाही. −३५० च्या पलीकडे गेलं तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. −२०० च्या अलीकडे असेल तर नसण्याची शक्यता तेवढीच. मधल्या पट्ट्यात चाचणी काहीच सांगू शकत नाही. न कळलेल्या गोष्टीला आम्ही 'मध्यम' नाव दिलं होतं आणि लोक त्यावर पैसे खर्च करत होते. हे मला फार लागलं. साच्यातून ते त्याच दिवशी काढलं.

आता प्रत्येक विधान तीनपैकी एका खुणेचं असतं : पाहिलं, मोजलं, अनुमान. 'सळई उघडी पडली आहे' हे पाहिलं. 'फेनॉल्फ्थॅलिन टाकल्यावर ३० मिमी खोलीपर्यंत रंग आला नाही, कव्हर २५ मिमी आहे' हे मोजलं. 'म्हणजे कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलं आहे, गंजापासूनचं संरक्षण गेलं असावं' हे अनुमान. अनुमानाला 'असावं' हवंच. स्पष्ट लिहायचं म्हणजे ठाम लिहायचंच असं नाही. जेवढी खात्री आहे तेवढीच वाक्यात दिसली पाहिजे.

१४ मे

फोटो. पेन्सिलीतला तो 'कुठे?' डोक्यातून जात नव्हता.

आधी प्लॅनवर ग्रिड टाकली : आडव्या रेघांना अक्षरं, उभ्यांना आकडे. सगळ्या कॉलम-बीमना नावं दिली. मग जुने फोटो त्यावर बसवायला घेतले आणि काम तिथेच अडलं. मोबाइलमधले शेकडो फोटो, सगळ्या स्लॅब सारख्याच दिसतात. ए आणि डी विंग पुन्हा पाहावी लागली. दोन दिवस आणि दोन माणसांची मजुरी गेली, सोसायटीकडून त्याचे पैसे मागता येत नाहीत.

उपाय स्वस्त निघाला. अप्पा बळवंत चौकातून शाळेची काळी पाटी आणली. खडूने विंग, मजला, ग्रिड आणि क्रमांक लिहायचा आणि पाटी धरूनच फोटो काढायचा. आधी पांढरा बोर्ड वापरून पाहिला होता, पण डक्टमधल्या अंधारात फ्लॅश त्यावर चमकतो आणि अक्षर वाचता येत नाही. प्रत्येक जागेचे दोन फोटो : एक लांबून, आजूबाजूचं दार-खिडकी दिसेल असा, आणि एक जवळून, पट्टी लावून. लांबचा फोटो आम्ही कधी काढतच नव्हतो. सभासदाला मात्र तोच हवा असतो, कारण त्यावरून त्याला आपली गॅलरी ओळखता येते.

फोटोंची संख्या निम्म्याहून कमी केली. ज्या फोटोला काम क्रमांक नाही तो रिपोर्टमध्ये नाही.

२८ मे

तक्त्याचा क्रम. आमचा दुरुस्तीचा तक्ता तळमजल्यापासून वर जायचा, कारण आम्ही तसेच चढत जातो. टाकीखालचा बीम त्यामुळे ६३ व्या ओळीत आला होता, जिन्यातल्या प्लास्टरच्या खाली. दोन्ही ओळी एकाच मापाच्या अक्षरांत.

कल्पना चावला होत्या त्या कोलंबिया यानाच्या अपघातावरचा चौकशी अहवाल ऑगस्ट २००३ मध्ये आला. त्यात एका स्लाइडची चिरफाड आहे. यान वर असताना इंजिनिअरांनी ती वरिष्ठांना दाखवली होती. मथळा दिलासा देणारा. आणि पंखावर आदळलेला फोमचा तुकडा १९२० घन इंचांचा, तर ज्यावर भरवसा ठेवला त्या चाचणीतला ३ घन इंचांचा, म्हणजे ६४० पट फरक, ही गोष्ट सगळ्यात खालच्या ओळीत. माहिती दडवलेली नव्हती, ती स्लाइडवर होतीच. आमचा बीमही रिपोर्टमध्ये होताच.

तक्ता धोक्याच्या क्रमाने लावला. लगेच ठेकेदाराचा फोन, "मॅडम, परांची मजल्याप्रमाणे बांधायची असते, असा उड्या मारत दर कसा काढू?" त्याचं म्हणणं रास्त होतं. म्हणून दुसरा तक्ता केला, मजल्याप्रमाणे. आठवड्याभरात दोन तक्त्यांत फरक पडला : एकात दुरुस्त केलेलं माप दुसऱ्यात जुनंच राहिलं, आणि एका कॉलमला दोन ठिकाणी वेगळं क्षेत्रफळ छापलं गेलं. अशी विसंगती एक जरी सापडली तरी सभेत सगळ्या रिपोर्टवरचा विश्वास उडतो.

आता एक्सेलची एकच शीट आहे. प्रत्येक कामाला कायमचा क्रमांक. तीच शीट दोनदा वेगवेगळ्या क्रमाने लावून छापायची, हाताने काहीही उतरवायचं नाही. फोटो, नकाशा, पहिलं पान, सगळीकडे तोच क्रमांक.

९ जून

भाषा. पहिलं पान आणि कामांची यादी मराठीत, चाचण्यांचे तक्ते इंग्रजीत, असं ठरलं. मराठी करताना आधी स्तंभ, तुळई, प्रबलन असं सगळं लिहून पाहिलं. एका काकूंनी ते वाचून विचारलं, तुळई आमच्या बिल्डिंगमध्ये कुठे आहे? कॉलम, बीम, स्लॅब हेच शब्द जिन्यात बोलले जातात, तेच ठेवले. यात जास्त वेळ घालवू नये.

२० जून

खर्चाचं पान सगळ्यात जास्त वेळा खोडलं गेलं.

एकच आकडा दिला की लोक त्याला धरून बसतात. मोठी रेंज दिली की म्हणतात, तुम्हालाच माहीत नाही. मुळात काँक्रीट फोडल्याशिवाय आतली सळई किती गेली ते पूर्ण कळत नाही. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं, त्यानेच कव्हर फुटतं. त्यामुळे बाहेर दिसणारी फूट ही आतल्या गंजाची फक्त शेवटची पायरी असते. प्रत्यक्ष काम वाढतं, आणि मग 'रिपोर्टमध्ये एवढं होतं, बिल एवढं कसं?' असा वाद होतो.

आता खर्च तीन भागांत येतो. धोक्याची कामं : माप पक्कं, म्हणून रेंज लहान. पावसाळ्याआधीची कामं : गच्चीचा कोबा, वॉटरप्रूफिंग, डक्टमधले पाइप. वर्षभरात करायची कामं. प्रत्येक भागाखाली तीन ओळी : दर कुठल्या महिन्याचे, जीएसटी धरून की वगळून, आणि फोडल्यावर काम वाढू शकेल अशा जागा कोणत्या. ही तिसरी ओळ आधी शेवटच्या अटींमध्ये पुरलेली असायची. ती आकड्याच्या शेजारी आणल्यावर सरांना भीती होती की सोसायटी बिथरेल. उलट खजिनदार बाईंनी तिथे खूण करून त्या रकमेसाठी वेगळी तरतूद मांडली.

६ जुलै

कमिटीच्या बैठकीत मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. हे आधीच करायला हवं होतं. वाचता वाचता माझाच श्वास जिथे अडकला ती वाक्यं तिथल्या तिथे तोडली.

खजिनदार बाईंनी विचारलं, "टेकू द्यायचे आहेत, हे बरोबर. पण देणार कोण? तुम्ही, का आम्ही माणूस शोधायचा?" पहिलं पान एवढ्यांदा लिहूनही ते त्यात नव्हतं. 'द्यायचे आहेत' मध्ये माणूसच नाही. मराठीत अशी कर्त्याशिवायची वाक्यं फार सहज लिहिली जातात, सरकारी पत्रांची सवय असलेल्यांना तर ती नम्रही वाटतात. तक्त्यात एक रकाना वाढवला : 'कोणी करायचं'. त्यात चारच उत्तरं चालतात : सोसायटी, ठेकेदार, आम्ही, किंवा फ्लॅटचा नंबर. फ्लॅटचा नंबर लिहिल्याने एक अवघड गोष्ट सोपी झाली. ३०२ च्या बाथरूममधून गळती आणि २०२ चं छत खराब, यात कोणाकडे काय काम आहे ते कागदावर आलं. शेजाऱ्यांनी एकमेकांना सांगायची वेळ राहिली नाही.

अजून एक तपासणी सुरू केली, ती मी प्रत्येकाला सुचवेन. साइटवर न गेलेल्या सहकाऱ्याला फक्त मजकूर द्यायचा, फोटो झाकून. त्याने कोऱ्या प्लॅनवर पेन्सिलीने नुकसान दाखवायचं. खूण चुकीच्या जागी पडली की दोष मजकुराचा. पहिल्याच वेळी 'जिन्याच्या डाव्या बाजूचा बीम' उजवीकडे पडला, कारण मी वर चढताना पाहिलेलं डावं लिहिलं होतं. डावं-उजवं बंद, फक्त ग्रिड.

१९ जुलै

वेळेचा हिशेब. सुरुवातीला नव्या पद्धतीने रिपोर्टला जुन्यापेक्षा दुप्पट वेळ लागत होता आणि ऑफिसात त्यावरून बोलणीही झाली. आता जवळपास पूर्वीइतकाच लागतो. पहिलं पान साइटवरून आल्या दिवशीच, पाहणी ताजी असताना लिहून टाकायचं, याने सगळ्यात जास्त फरक पडला. चाचण्यांचे आकडे आले की त्यात दुरुस्ती. आधी आम्ही ते शेवटी लिहायचो, तेव्हा कंटाळा आलेला असायचा आणि ते वाचूनही तसंच वाटायचं.

मुख्य रिपोर्ट २६ पानांचा झाला, बाकी परिशिष्ट. रंगीत छपाईचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर आला.

११ ऑगस्ट

कोथरूडच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. सरांबरोबर मी गेले होते. भांडण झालंच, पण ते वर्गणी फ्लॅटप्रमाणे काढायची की क्षेत्रफळाप्रमाणे यावर. रिपोर्टमध्ये काय म्हटलंय यावर एकही प्रश्न आला नाही. सेक्रेटरींनी पहिलं पान वाचलं आणि कामं क्रमांकाने मंजूर झाली : १ ते ९ लगेच, पुढची दिवाळीनंतर. टाकीखालच्या बीमला टेकू सभेआधीच लागले होते, आता त्याच्या जॅकेटिंगचा (भोवती नवा काँक्रीटचा थर देण्याचा) ठराव झाला.

एक गोष्ट मात्र मागच्या रांगेत बसल्यामुळेच दिसली. छापील प्रती तीन, बाकी सगळे व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ मोबाइलवर बघत होते. आठ रकान्यांचा आडवा तक्ता बोटांनी मोठा करायचा, मग सरकवायचा, मग ओळ हरवायची. एक आजोबा दोन-तीनदा प्रयत्न करून फोन खिशात ठेवून बसले.

१७ ऑगस्ट

मोबाइलसाठी वेगळी पीडीएफ करून पाहिली. तक्ता काढला. प्रत्येक कामाला एक पट्टी : वर क्रमांक आणि जागा, खाली लांबचा फोटो, मग तीन ओळी, काय झालंय, काय करायचं, कोणी आणि कधीपर्यंत. उभ्या पानावर दोन पट्ट्या बसतात. ती शीटमधून आपोआप तयार व्हावी म्हणून वर्डचं मेल मर्ज वापरलं, मजकूर नीट येतो पण फोटो जागच्या जागी बसत नाहीत, ते अजून हातानेच टाकते आहे. फाइलही जड होते, फोटो लहान करून १० एमबीच्या आत आणावी लागते.

पुढचं काम कर्वेनगरला आहे. तिथे मूळ ड्रॉइंग सोसायटीकडे नाहीत, त्यामुळे आधी मोजमाप घेऊन प्लॅन काढावा लागेल, मगच ग्रिड. त्याचे दोन दिवस कोटेशनमध्ये धरले आहेत आणि ते कशासाठी, ते तिथेच एका ओळीत लिहिलं आहे.